बर्फ सुटेपर्यंत

दादा, फ्रिजचा प्लग सकाळी नऊला काढला आणि स्वयंपाकघरभर जुन्या साड्या आणि टॉवेल अंथरले. गेले आठ दिवस फ्रीजरमधून खर्र-खर्र आवाज येत होता आणि खाली भाजीच्या ट्रेखाली रोज वाटीभर पाणी साचत होतं. काल दूध नासलं. कंपनीला फोन केला, तर तिकडची मुलगी म्हणाली, "मॅम, चार दिवसांनी माणूस येईल. तोपर्यंत उघडू नका हं, वॉरंटी जाईल." वॉरंटी जाऊन सहा वर्षं झाली, असं मी तिला सांगितलं. "मग नवीन का नाही घेत, मॅम?" शाळेत असते तर या प्रश्नाचं उत्तर तिला उभं करून दिलं असतं. आता निवृत्त आहे, म्हणून फोन ठेवला आणि माळ्यावरून तुमचा हत्यारांचा पत्र्याचा डबा खाली काढला. त्यातला छोटा स्क्रू ड्रायव्हर अजून सरळ आहे.

आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली आहे. शहाऐंशी वर्षांची झाली. तिला पेपर दिसत नाही, पण माझ्या हातात काय आहे ते बरोबर दिसतं. तिचे डोळ्यांत घालायचे थेंब थंड ठेवावे लागतात, ते सकाळीच खालच्या मजल्यावरच्या सिंधी भाभींकडे देऊन आले. "दीदी, ये भी कोई पूछने की बात है? एक पूरा खाना खाली कर देती हूँ," त्या म्हणाल्या. मी जिना चढून वर आले तर आई म्हणाली, "दुसऱ्याच्या फ्रिजात औषध ठेवायची पाळी आली." मी बर्फाचे ट्रे बाहेर काढले, स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला, आणि मग तिचं ते नेहमीचं वाक्य आलं. "बापाची लेक! त्यांचा सवताचा जोड टिकला न्हाई, आन् ही निघाली दुरुस्तीला." हे वाक्य मी चाळीसहून अधिक वर्षं ऐकते आहे. नळ गळला, कुकरची शिट्टी सुटली, इमारतीची टाकी वाहिली, की आई फ्रिजच्या नळीला तुम्ही दिलेल्या त्या जोडाचं नाव काढते. त्यावर मी कधी काही बोलले नाही. आजही बोलले नाही. पातेलंभर गरम पाणी फ्रीजरमध्ये ठेवलं, दार लोटलं, आणि बर्फ सुटेपर्यंत काय करायचं म्हणून हा कागद घेतला.

तुम्हाला आपल्या चाळीतल्या पहिल्या फ्रिजची आठवण करून द्यायची गरज नाही, पण मला तो पहिल्यापासून लिहायचा आहे. मी एस.वाय.ला होते. तुम्ही कामाला होतात त्या उल्हासनगरच्या फ्रिजदुरुस्तीच्या दुकानातून भंगारात निघालेला एक सांगाडा टेम्पोत घालून मोरिवलीला चाळीत आणलात. दार वाकलेलं, आत झुरळं. आई म्हणाली होती, "हे कपाट कुठं ठेवू? माझ्या डोक्यावर?" तीन महिने तुमचे सगळे रविवार त्यात गेले. दुसऱ्या फ्रिजची मशीन बसवलीत, तांब्याच्या नळ्या स्वतः वाकवल्यात, स्वतः जोडल्यात, बाहेरून पोपटी रंग दिलात, कारण दुकानात तोच उरला होता. पहिला बर्फ जमला तेव्हा चाळीतल्या प्रत्येक पोराला एकेक खडा दिलात आणि म्हाताऱ्यांनीही हात पुढे केले. आठवडाभर लोक नुसतं दार उघडून आतला दिवा बघायला येत. आणि मग शेजारच्या मावशी एक दिवस स्टीलचा चपटा डबा घेऊन संकोचत उभ्या राहिल्या. त्यांची साखरेच्या आजाराची इंजेक्शनं. तोवर त्या ती अंबरनाथ स्टेशनजवळच्या औषधाच्या दुकानात ठेवत आणि रोज सकाळी चालत जाऊन टोचून घेत. तुम्ही दारातला वरचा कप्पा पुसून त्यांना दिलात आणि आईला बजावलंत, "इथं दुसरं काही ठेवायचं नाही. बोंबील तर मुळीच नाही." मावशी हसल्या. मला वाटतं, त्या कप्प्याचा तुम्हाला अख्ख्या फ्रिजपेक्षा जास्त अभिमान होता.

तुमची एक रीत होती. फ्रिज दुरुस्त करून दिला की गिऱ्हाइकाला तुम्ही लाकडाची एक पट्टी देत असा. खोक्याच्या फळीतून कापलेली, वीतभर लांब, पुढून पातळ, घासून गुळगुळीत. "ताई, बर्फ धरला तर ही वापरा. सुरी लावायची नाही. या पत्र्याच्या पोटात गॅसची वाट असते, एक टोक घुसलं की संपलं." त्या काळी एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फ धरायचाच, आणि बायका घाईत सुरी घ्यायच्याच. दुकानातले बाकीचे कारागीर हसायचे, म्हणायचे, मास्तर आपल्याच पोटावर पाय देतो, सुऱ्या मारल्या तरच आपल्याला काम. तुम्ही ऐकलं नाहीत. आपल्या घरीही तशी पट्टी फ्रिजशेजारी खिळ्याला टांगलेली होती. घाई झाली तर काय करायचं, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "बर्फ काढायचा नसतो. ऊब द्यायची आणि थांबायचं. तो आपणहून सुटतो."

थांबा, पातेलं बदलून येते.

तो एप्रिल होता. टी.वाय.ची परीक्षा तोंडावर आलेली. वर्गातल्या तिघी जणी माझ्याकडे नोट्स घ्यायला येणार होत्या. तुम्ही दुकानात, आई एमआयडीसीत पॅकिंगला. त्या तिघींतली एक माझ्या घरी याआधी दोनदा आली होती आणि दोन्ही वेळा पाणी पुढे केल्यावर "नको गं, तहान नाही" म्हणाली होती. कल्याणहून उन्हातून आलेली मुलगी, आणि तहान नाही. असल्या गोष्टी आपल्याला शिकवाव्या लागत नाहीत, त्या कळतात. मी ठरवलं होतं की या वेळी कोकमचं सरबत करायचं, काचेच्या ग्लासात, वर बर्फ घालून. घरात फ्रिज आहे हे तिला दिसलं पाहिजे. बर्फाला ती नाही म्हणणार नाही, असा माझा हिशेब. शिकलेल्या मुलीचा हिशेब.

त्या आल्या, बसल्या, आणि ट्रे फ्रीजरच्या तळाला घट्ट धरलेला. पट्टी घेतली, दोनदा सरकवली, हलेना. बाहेरच्या खोलीतून त्यांचं हसणं ऐकू येत होतं. कशावरही हसल्या असतील, पण मला वाटलं की मला वेळ लागतोय म्हणून हसतायत. मी पट्टी खिळ्याला परत टांगली आणि आईची भाजीची सुरी घेतली. तिसऱ्या घावाला ट्रे सुटला आणि त्याखालून फुस्स् असा आवाज आला. सायकलच्या ट्यूबमधून येतो तसा, पण पुष्कळ वेळ चालला. मी हातात ट्रे घेऊन तिथेच उभी. आवाज थांबला तेव्हा मी फ्रीजरचं झाकण लावलं, बाहेरचं दार लावलं, सुरी धुऊन जागेवर ठेवली आणि सरबत घेऊन बाहेर गेले. दोघी प्यायल्या. तिने ग्लास हातात धरला, "किती थंड आहे" म्हणाली, आणि बोलता बोलता पुस्तकांशेजारी ठेवून दिला. त्या गेल्या तेव्हा ग्लास तसाच होता. बर्फ विरघळून सरबत फिक्कं पडलं होतं. ते मी मोरीत ओतलं. तिच्याबद्दल मला आता राग उरलेला नाही, तिचं तोंडही नीट आठवत नाही. पण तो ग्लास ओतून झाल्यावर माझ्याकडे अख्खी दुपार होती, दादा. मावशी भिंतीपलीकडे होत्या. मी पाच पावलं जाऊन सांगू शकत होते की मावशी, तुमची इंजेक्शनं दुसरीकडे ठेवा. मी पुस्तक उघडून बसले.

तुम्ही सातला आलात. चहाचा कप हातात घेतलात आणि पहिल्या घोटाआधीच मान कलती केलीत. "मशीन रिकामी पळते आहे." मी पाठमोरी बसून वाचत होते, पण तुमचं सगळं मला ऐकू येत होतं. प्लग काढलात. वाटीत साबण कालवलात. ब्रशने पाणी आधी मागच्या जोडांना लावलंत, मग फ्रीजरच्या आत. मग तुम्ही विचारलंत, "आज कोणी बर्फ काढला होता का?"

मी म्हटलं, "नाही."

एकदाच विचारलंत. आई शिफ्टवरून नुकती आली होती, तीही म्हणाली, मी कशाला काढू. तुम्ही उठलात, खिळ्यावरची पट्टी काढून हातात फिरवलीत आणि परत टांगलीत. मग मावशींचं दार वाजवून त्यांचा डबा थर्मासमध्ये घातलात, बर्फाच्या कारखान्यातून चुरा आणलात आणि सायकल काढून स्टेशनजवळच्या औषधाच्या दुकानात गेलात. पण एप्रिलातली ती अख्खी दुपार त्या बाटल्यांनी बंद पेटीत काढली होती. मावशी म्हणाल्या, नासलं असेल तर नको टोचायला. सरकारी दवाखान्यातून नवीन मिळेपर्यंत दोन दिवस त्या विनाइंजेक्शनच्या राहिल्या, आणि तिसऱ्या दिवशी नळावर हंडा भरता भरता खाली बसल्या. त्यांना रिक्षात घालून नेलं. चार दिवस त्या दवाखान्यात होत्या. त्या चार दिवसांत मी एकदाही जेवले नाही असं मला लिहावंसं वाटतं, पण ते खरं नाही. जेवले, अभ्यास केला, पेपरही चांगले दिले.

मावशी घरी आल्या त्या संध्याकाळी चाळीतले लोक आपल्या दारात जमले होते. भांडायला नव्हे, पण जमले होते. तुम्ही उंबऱ्यात उभं राहून म्हणालात, "माझा जोड सुटला. नळीचा. माझ्या हातची चूक आहे." कोणीतरी म्हणालं, "मास्तर, दुसऱ्यांचे फ्रिज करता आणि आपल्याच घरी?" तुम्ही म्हणालात, "होय. तसंच झालं." मी तुमच्या मागे दोन हातांवर होते. मावशींनी तुम्हाला एका शब्दानेही बोल लावला नाही. पण फ्रिज पुन्हा सुरू झाल्यावरही त्यांचा डबा आपल्याकडे आला नाही. त्यांनी घरात माठ वाळूत ठेवून त्यात बाटल्या ठेवायला सुरुवात केली. दारातला वरचा कप्पा तुम्ही रिकामाच ठेवलात. आईने एकदा तिथे लिंबं ठेवली, तर तुम्ही न बोलता ती उचलून खाली ठेवलीत.

आणि दुकान. हेही लिहायला हवं, कारण हे मला माहीत आहे, हे तुम्हाला माहीत नाही. गॅस आणि नळ्या जोडायची ज्योतीची टॉर्च घरी न्यायला परवानगी मागताना तुम्ही सेठलाही तेच सांगितलं असणार. परीक्षा संपल्यावर एक दिवस मी तुमचा डबा घेऊन उल्हासनगरला आले होते. तुम्ही टॉर्च पेटवत होतात आणि सेठ गल्ल्यावरून म्हणाला, "मास्तर, वो रहने दो. जोड का काम अब वो करेगा. तुम गॅस भरो, रंग मारो." तुम्ही थांबलात. तो हसून पुढे म्हणाला, "बुरा मत मानना साईं. घर का जोड नहीं टिका, गिराक का क्या टिकेगा?" माणूस वाईट नव्हता, दिवाळीला आपल्याकडे मिठाई पाठवायचा. त्याला जे सांगितलं गेलं त्यावरून त्याने ठरवलं. तुम्ही टॉर्च विझवलीत आणि शेजारच्या नवीन कारागिराच्या हातात दिलीत. पंधरा वर्षं तुमच्या हाताच्या जोडाला कोणी साबण लावून तपासायचं नाही, इतकी त्याची खात्री होती. मी फळीआड उभी होते. मी डबा दारातल्या पोऱ्याच्या हातात दिला, "दादांना द्या" म्हटलं आणि निघून आले. त्या दिवशी एक वाक्य बोलायचं होतं. "सेठ, ती सुरी होती, आणि ती मी मारली." पदवी परीक्षेत मी याहून मोठी वाक्यं लिहून आले होते.

बारा वाजले. फ्रीजरच्या मागचा पत्रा सुटला. दोन स्क्रू होते, बस. त्यामागे पंखा होता आणि पंख्याची पाती बर्फाला घासत होती. तोच तो खर्र-खर्र. खाली पाणी जायचं भोक बर्फाने बुजलेलं. औषधाच्या पिचकारीने कोमट पाणी सोडत राहिले, तेव्हा एक वाळका कढीपत्ता आणि पिशवीचा तुकडा वर आला आणि गळकन पाणी खाली उतरलं. आई म्हणाली, "गेलं का?" मी म्हटलं, "गेलं." एवढंच होतं. आणि फ्रिज मागे रेललेलाही नव्हता. फरशी नवीन घातली तेव्हा कामगारांनी तो अगदी सरळ उभा केला होता, म्हणून दार पूर्ण लागायचं नाही आणि दमट हवा आत शिरायची. "फ्रिज जरासा मागे रेललेला पाहिजे, जेवून बसलेल्या माणसासारखा," हे तुमचं. पुढचे पाय फिरवून तसा केला.

पण मी ज्यासाठी थांबले ते वेगळं आहे. पत्रा हातात घेऊन मी खिडकीशी नेला, कुठे चिरलाय का बघायला. त्यावर माझ्याच नखाचा एक ओरखडा होता, आणि तो उजेडात इतका स्पष्ट दिसला की मी पत्रा ओट्यावर ठेवून खाली बसले. नखाचा ओरखडा असा दिसतो. सुरीचे तीन घाव कसे दिसले असतील? साबणाचा बुडबुडा जोडावर आलाच नसणार. तो आला असणार फ्रीजरच्या तळाला, ट्रेच्या खुणेच्या अगदी कडेला, तिरक्या भोकावर. तुम्ही ती पट्टी हातात का फिरवलीत? ती कोरडी होती, दोनदा सरकवण्याने तिला ओल धरली नव्हती. ट्रे सुटलेला, दोन खण रिकामे, आणि पट्टी कोरडी. तुम्हाला त्या संध्याकाळी दोन मिनिटांत सगळं कळलं होतं. आणि तुम्ही बुजवलंत तेही तिथेच, तळाला, रुपेरी लेपाचं एक बोटभर ठिगळ. मी ते पुढे कितीतरी वर्षं रोज बघत होते. स्वतःला सांगत होते की जोड तिथेच असेल. जोड नळीला असतो, फ्रिज मास्तरच्या मुलीला एवढं कळत होतं.

तुम्ही गेल्यावर आम्ही मोरिवली सोडून इथे बदलापूरला कात्रपमध्ये आलो, तेव्हा तो फ्रिज भंगारात दिला. भंगारवाल्याने फ्रीजरमध्ये हात घातला, ठिगळावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "अम्मा, किसी ने चाकू मारा था इसमें." आई माझ्याशेजारी उभी होती. ती लगेच म्हणाली, "चाकू न्हाई. मालकाचा जोड हाय तो. तू तोल." मला वाटलं, बिचारीला काही कळत नाही. दर महिन्याला तो फ्रीजर पुसायची ती आई. ठिगळ तिच्या फडक्याखाली होतं, माझ्या नव्हे. दादा, हे मला आज, आत्ता, ओट्याशी बसल्यावर सुचलं. मी बत्तीस वर्षं मुलांच्या चेहऱ्यावरून कोण खोटं बोलतंय ते ओळखत आले, आणि हे मला सुचलं नव्हतं.

शाळेचंही सांगते. मी कडक होते. अजूनही माझी जुनी मुलं रस्त्यात दिसली की हाताची घडी सोडून ताठ उभी राहतात. माझा एक नियम होता, चूक कबूल केली तर शिक्षा अर्धी. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी वर्गातली काच फुटली होती. मी अख्खा वर्ग उभा केला आणि एकेकाला समोर घेऊन शेवटी एका मुलीकडून काढून घेतलं. ती रडली. संध्याकाळी जेवताना मी ते तुम्हाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "खरं कसं काढायचं ते मला माहीत आहे." तुम्ही भाकरी मोडत होतात. हात थांबला. "काढलंस होय," म्हणालात. मग बऱ्याच वेळाने, "काढलं की ओरखडा राहतो. थांबलं असतं तर आपणहून आली असती." मी चिडले. म्हटलं, "दादा, मला शाळा चालवायची आहे, फ्रिज नाही." तुम्ही पुढचा घास घेतलात. तुम्ही मला आयुष्यात एवढंच रागावलात, आणि ते रागावणं होतं हे कळायला मला इतकी वर्षं लागली. तुम्ही तेव्हाही थांबला होतात. माझ्यासमोर बसून, भाकरी हातात घेऊन. त्या वेळीही मी सांगू शकत होते.

इथवर लिहिलं आणि उठले.

आता चार वाजून गेले आहेत. मधल्या वेळात जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. मी टॉवेल पिळत होते. आई म्हणाली, "चालू करून बघ. न्हाईतर बापाच्या जोडावानी..." आणि मी म्हटलं, "आई, तो जोड नव्हता."

"मग काय व्हतं?"

"सुरी होती. मी मारली. मैत्रिणी आल्या होत्या, बर्फ सुटत नव्हता."

मला वाटलं, आईने ऐकलं नाही. मग ती म्हणाली, "त्या पायाखालचं पुस आधी, घसरशील." मी पुसलं. फडकं पिळून वाळत घातलं. परत आले तर ती खुर्चीत तशीच, हात मांडीवर.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"माझीच सुरी व्हती. टोक वाकलं व्हतं तिचं. तू धुऊन ठिवलीस, वाकलेलं टोक कसं धुशील?"

"मग इतकी वर्षं जोड-जोड का म्हणत होतीस?"

"तुला टोचावं म्हनून." ती जराही संकोचली नाही. "त्यांनी मला शपथ घातली व्हती, इचारायचं न्हाई म्हनून. म्हनाले, मावशी दवाखान्यात हाय, आत्ता नाव फुटलं तर पोरीला चाळीत तोंड दाखवता यायचं न्हाई. पेपर हायती. सांगंल आपली आपण. मी म्हनलं, न्हाई सांगायची ही, लई शिकलीया. तर म्हनाले, सांगंल." मग पदराने डोळे पुसले, पण ते तिचे नेहमीच पाझरतात. "दवाखान्यात शेवटी तू त्यांच्या उशाशी बसायचीस न्हवं का? मला बाहेर पाठवायचे. जा, च्या पिऊन ये म्हनायचे. मला काय च्याची तल्लफ व्हती?"

मला ती दुपार आठवते. तुम्ही आईला बाहेर पाठवलंत आणि माझ्याकडे बघत राहिलात. मी तुमच्या उशा सारख्या केल्या, औषधांच्या वेळा वाचून दाखवल्या आणि म्हटलं, "दादा, झोपा आता, बोलू नका." तुम्ही काही बोलतच नव्हतात.

मी आईला विचारलं, "मावशींना कळलं होतं का?" ती म्हणाली, "न्हाई. त्या त्यांचाच जोड समजून गेल्या." तर तेवढं आता दुरुस्त होण्यासारखं नाही. मावशी नाहीत, सेठ नाही, दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात. जे दुरुस्त होतं ते एवढंच, की आई आता ते वाक्य म्हणणार नाही. मघाशी भाभी थेंबांची बाटली द्यायला वर आल्या, म्हणाल्या, "दीदी, मेकॅनिक आया था क्या?" मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "मेकॅनिक कशाला? हिचे वडील लई मोठे कारागीर व्हते. त्यांचा जोड कधी सुटला न्हाई." भाभींना निम्मं मराठी समजलं, त्या माझ्याकडे बघून छान हसल्या. मला मान वर करता आली नाही.

फ्रिज सुरू केला आहे. मान कलती करून ऐकला. मशीन भरल्या पोटी चालते आहे, रिकामी नाही. दार लागतंय का ते तुमच्या पद्धतीने बघितलं, याच कागदाची कडेची पट्टी फाडून दारात धरली आणि ओढली. निघाली नाही, फाटली. म्हणून या पानाचा कोपरा असा आहे. बाकीची पानं तुमच्या डब्यात स्क्रू ड्रायव्हरखाली ठेवते. पाठवायची कुठे होती?

एक राहिलं. मी वर लिहिलं आहे की सकाळी ट्रे बाहेर काढले आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. मधलं एक गाळलं. दोन ट्रे सहज निघाले, तिसरा धरलेला होता. तुमची पट्टी डब्यातच होती, वर, अगदी हाताशी. मी ओट्यावरची सुरी घेतली. टोक ट्रेखाली घातलंही. आईने खुर्ची जरा पुढे ओढली, तो आवाज झाला, म्हणून सुरी खाली ठेवली.